घरातला संगणक घरच्यांच्या हाती : प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, पश्चिम भागातील आमच्या गावात पुष्कळ घरांत आता संगणक आहे. कुठे मुलाने पुण्याहून पाठवलेला जुना लॅपटॉप आहे, तर कुठे कार्यालयातून बाद झालेला डेस्कटॉप. त्यांतील बरेच कापडाखाली झाकून ठेवलेले असतात, कारण एकदा बिघडल्यावर ते बेळगावला नेणे म्हणजे एक दिवस मोडणे आणि तिथे ‘फॉरमॅट करावे लागेल’ एवढेच ऐकून परत येणे. वाचनालयाच्या वतीने दिवाळीच्या आधी आणि नंतर हे संगणक घरोघरी जाऊन मार्गी लावायचे, असे आज ठरले. दुरुस्ती हा त्यातला अर्धाच भाग आहे. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे घरातल्या माणसाला स्वतः ओळखता आले पाहिजे, असा आमचा खरा उद्देश आहे आणि त्यासाठी प्रत्येक घरी संगणकाशेजारी एक साधी वही ठेवली जाईल.

वहीच्या पहिल्या पानावर यंत्राचा प्रकार, प्रोसेसरचा क्रमांक, मेमरी, डिस्कचा आकार आणि खरेदीचे साल लिहायचे. पुढच्या पानांवर तारीख घालून काय दिसले, काय बदलले आणि त्याने काय झाले, असे क्रमाने लिहायचे. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश शब्दशः उतरवावा किंवा मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढावे. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ एवढ्या माहितीवर कोणालाच निदान करता येत नाही.

शोधाचा क्रम सर्व घरांत एकच राहील. भिंतीवरच्या सॉकेटपासून आत जायचे, म्हणजे आधी वीज, मग तारा, मग पडदा, मग यंत्राचे आतले भाग, मग डिस्क आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच तपासायची. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले ते समजत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी

हत्यारांच्या पूजेचा दिवस असल्याने संगणकही पुसून पाटाजवळ येणार होतेच, तेव्हा आतली साफसफाई आजच हाती घेतली. डेस्कटॉपची तार सॉकेटमधून काढायची, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. त्यानंतर बाजूचे झाकण काढायचे आणि कशालाही हात लावण्यापूर्वी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करायचा. अंगावरच्या स्थिर विजेने मेमरीची पट्टी निकामी होऊ शकते आणि ती बाहेरून तशी दिसतही नाही.

धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने काढावी. ब्लोअर वापरायचा असल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण जोराच्या वाऱ्याने पंखा त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरच्या धातूच्या पाकळ्यांत चिकटलेला धुळीचा थर निघाला, की थोड्या वेळाने आपोआप बंद पडणारे यंत्र पुष्कळदा सुरळीत चालू लागते. तापमान मर्यादेबाहेर गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी गती कमी करतो आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर यंत्र बंद करतो.

पूजेबद्दल एक सूचना सर्व घरी दिली. हळदीकुंकू आणि अक्षता यंत्राच्या जाळीवर किंवा कीबोर्डवर वाहू नयेत, शेजारच्या ताटलीत वाहाव्यात. कुंकवाची बारीक पूड पंख्याबरोबर आत जाते आणि तांदळाचा दाणा कीबोर्डच्या बटणाखाली अडकून बसतो. घरोघरच्या अक्कांनी हे आनंदाने मान्य केले.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आजचा सगळा दिवस विजेसाठी दिला आणि तो द्यायलाच हवा होता. एका घरी डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असत. ‘पावसाळ्यात असं होतंच की’ असे समजून त्या घरातल्यांनी पायाखाली लाकडी पाट ठेवला होता. याचे कारण पावसात नाही, तर अर्थिंग नसण्यात आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि दुसरा न्यूट्रलकडून धातूच्या डब्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिथला किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. ते नसेल तर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब डब्यावर उभा राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने एरवी माणसाला धोका होत नाही, परंतु पेटीत खरोखरच बिघाड होऊन फेज डब्याला लागला, तर माणसाला वाचवणारी वाट त्या घरात नाही, हीच गोष्ट त्या झिणझिण्या सांगत असतात.

गावातल्या वायरमन मामांना बरोबर घेतले होते. त्यांनी मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ असे तिन्ही दाब मोजून दाखवले. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा एक-दोन व्होल्ट असला तर अर्थिंग ठीक आहे असे समजावे. त्या घरी सॉकेटचे अर्थचे मोठे छिद्र आतून कशालाच जोडलेले नव्हते. मामांनी अर्थची तार मुख्य बोर्डापर्यंत ओढली आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ आणि पाणी घातले. उन्हाळ्यात हा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते.

इथे एक इशारा ठळक लिहून ठेवतो. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती जीवघेणी आहे. मागे कुठे न्यूट्रलची तार तुटली, तर संगणकाच्या डब्यावर पूर्ण दाब येतो. तसेच तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून वरची पिन कापून टाकू नये. मोजमाप आणि जोडणी ही दोन्ही कामे वायरमननेच करावीत. घरच्यांनी लक्षण ओळखावे आणि त्याला बोलवावे.

यूपीएसबद्दलही बराच गैरसमज आढळला. करंट गेल्यावरही काम करत राहण्यासाठी तो आहे, असे बहुतेकांना वाटते. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. हिशोबाने ती सुमारे ८४ वॅट-तासांची होते, पण प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज हाती लागते. तेवढ्यात काम साठवून संगणक नीट बंद करता येतो आणि त्याचा उपयोगही तेवढाच समजावा. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यासाठी तो तापतो तेव्हा क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, आणि यूपीएस एवढा भार पेलू शकत नाही.

यूपीएसची परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी. उघडलेले सर्व काम आधी साठवून घ्यावे आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये, कारण प्लग उपटला की अर्थही तुटतो. बटण बंद करताच संगणक गेला, तर बॅटरी संपली आहे असे समजावे. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षे टिकतात. नवी बॅटरी त्याच व्होल्टची आणि त्याच मापाची घ्यावी आणि जुनी दुकानातच परत द्यावी. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, त्यामुळे ती परसात टाकून देण्याची वस्तू नव्हे.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

एका घरी इंटरनेट चालू होते आणि मोबाईलवर सर्व काही उघडत होते, परंतु संगणकावर बँकेचे किंवा ईमेलचे एकही पान उघडत नव्हते. ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाचा इशारा येत होता. व्हायरस आला असावा असे गृहीत धरून तिथे संपूर्ण फॉरमॅट करण्याची तयारी चालली होती.

पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, तर त्यात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीपुरते असते. संगणकाचे घड्याळ त्या मुदतीच्या बाहेरचे असेल तर ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो, आणि ते योग्यच आहे. तारीख दुरुस्त करताच पाने उघडू लागली, पण करंट जाऊन आल्यावर घड्याळ पुन्हा मागे गेले, म्हणजे मूळ कारण मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरच्या, नाण्याच्या आकाराच्या बॅटरीत होते. ती सीआर २०३२ या नावाने मिळते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट. वीज पूर्ण तोडून, कडेची चिमटी हलकेच मागे ढकलली की जुनी बॅटरी वर येते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. सुरू झाल्यावर तारीख व वेळ लावावी आणि बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतली, मांडणीही एकदा पाहून घ्यावी, कारण बॅटरी संपल्यावर तीही मूळ स्थितीला गेलेली असते.

हा बिघाड मी मुद्दाम सविस्तर लिहिला आहे. लक्षण इंटरनेटचे दिसते आणि कारण एका स्वस्त बॅटरीत असते. सॉफ्टवेअरला शेवटचे स्थान देण्याचा आमचा क्रम अशा वेळी उपयोगी पडतो.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

आज मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० साठीचा नियमित आधार संपला. ‘उद्यापासून संगणक बंद पडणार का,’ असे अनेकांनी विचारले. तसे काही होणार नाही. यंत्र पूर्वीसारखेच चालेल, मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे दुरुस्तीचे अद्यतन आपोआप येणार नाही. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तो या अवस्थेत फार काळ ठेवणे योग्य नाही.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. पिढी ओळखायची पद्धत वहीत लिहून दिली आहे. आय-५ नंतरचा आकडा ७४०० असेल तर पिढी सातवी, ८२५० असेल तर आठवी आणि १०२१० असेल तर दहावी. आमच्याकडची बरीच यंत्रे या अटींत बसत नाहीत. नियम डावलून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या चालतात, पण पुढे अद्यतने मिळतील याची शाश्वती त्यात नसते, म्हणून आम्ही त्या वापरणार नाही.

दोन मार्ग ठरवले. ज्या घरी विंडोजवरच चालणारे एखादे सॉफ्टवेअर अत्यावश्यक आहे, तिथे मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवायचे. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. बाकीच्या घरी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली वापरून पाहायची. पेन ड्राइव्हवरून ती डिस्कला हात न लावता चालवता येते, त्यामुळे वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन आधी तपासून मगच बसवायचे की नाही ते ठरवता येते. एका काकांचे काम ईमेल, बातम्या आणि पत्रव्यवहार एवढेच होते. त्यांच्या ४ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट बसवले आणि तो लॅपटॉप आता निर्धास्तपणे वापरता येईल.

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

परतीच्या पावसात संध्याकाळी गडगडाट होतो, म्हणून आजची नोंद तेवढ्यापुरतीच. ढग दाटू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. विजेचा लोळ दूर पडला तरी तारांतून येणारा धक्का बंद बटणातली लहानशी फट ओलांडू शकतो. राऊटरचा अडॅप्टर आणि राऊटरपासून संगणकापर्यंत आलेली नेटवर्कची तार हीसुद्धा काढावी. फायबरची तार काचेची असल्याने तिच्यातून विजेचा धक्का येत नाही, तो राऊटरच्या अडॅप्टरमधून येतो आणि नेटवर्कच्या तारेने संगणकापर्यंत पोहोचतो. गडगडाट चालू असताना प्लग काढायला धावू नये. हे काम ढग दाटल्यावरच उरकावे.

दमट हवेत आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेला संगणक लवकर बिघडतो. पावसाळ्यात तो रोज अर्धा तास चालू ठेवला, तर आतल्या उबेने ओल धरत नाही.

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

दिवाळीच्या साफसफाईत हललेले संगणक आता एकेक करून ‘बंद पडले’ आहेत. बहुतेक ठिकाणी कारण सैल झालेल्या तारांचे निघाले. पडद्याची तार मदरबोर्डवरच्या छिद्रात आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डाच्या छिद्रात, असे दोन पर्याय मागच्या बाजूस दिसतात. कार्ड असलेल्या यंत्रात तार कार्डालाच जोडावी. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे शब्द येत असतील, तर पडदा जिवंत आहे आणि दोष तारेत किंवा डब्यात आहे. पडद्याच्या बटणांतून योग्य इनपुट निवडलेले आहे का, तेही पाहावे.

एका ठिकाणी पंखा फिरत होता, पडदा काळा होता आणि ठरावीक अंतराने बीप ऐकू येत होते. अशा बीपचा रोख अनेकदा मेमरीकडे असतो, जरी संकेतांचा नेमका अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो. मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी टोके मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासली, कण झटकले आणि ‘खट्’ असा आवाज होऊन दोन्ही कड्या बसेपर्यंत पट्टी दाबली. यंत्र चालू झाले. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी, म्हणजे दोषी पट्टी सापडते.

‘बूट करण्याजोगे उपकरण नाही’ असा संदेश आला, तर घाबरण्याआधी मागेपुढे कुठे पेन ड्राइव्ह राहिला आहे का ते पाहावे. दिवाळीचे फोटो उतरवून घेतल्यावर तो तसाच राहतो.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

‘संगणक फार हळू चालतो’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यावरचे उपायही सर्वांत जास्त चुकीचे सांगितले जातात. वेग वाढवून देण्याचा दावा करणारी फुकट सॉफ्टवेअरे आज अनेक यंत्रांतून काढली. त्यांतली बरीच स्वतःच यंत्राबरोबर सुरू होऊन मेमरी अडवून बसतात.

योग्य रीत अशी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. काम हळू चाललेले असताना यांपैकी काय शंभराच्या जवळ आहे ते पाहावे. मेमरी भरलेली असेल तर कमी खिडक्या उघडाव्यात किंवा मेमरी वाढवावी. प्रोसेसर भरलेला असेल तर तो कोणते सॉफ्टवेअर खाते आहे ते तिथेच कळते. आमच्याकडे बहुतेक घरी डिस्कच शंभर टक्क्यांवर होती, कारण त्या यंत्रांत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात वाचणारे टोक प्रत्येक लहान फाइलसाठी तबकडीवर जागा बदलते आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात.

जिथे परवडले तिथे हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवली. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने विखुरलेल्या फाइली जवळजवळ लगेच मिळतात. जुन्या यंत्रावर पैसे खर्च करायचे असतील तर माझ्या मते पहिला खर्च हाच असावा. जुनी डिस्क चांगली असल्यास यूएसबीच्या कव्हरमध्ये घालून ती प्रती ठेवण्यासाठी वापरता येते. मात्र ती टकटक असा आवाज करत असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात आणि मगच बाकीचे पाहावे. आवाज करणाऱ्या डिस्कवर तपासणीची सॉफ्टवेअरे तासन् तास चालवणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य त्यातच घालवणे होय.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजचा विषय मराठी आणि कन्नड टंकलेखनाचा होता, आणि आमच्या भागासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. इथल्या घरात एकाच दिवशी मराठीत शाळेचा निबंध लिहावा लागतो आणि तालुक्याच्या कचेरीसाठी कन्नडमध्ये अर्ज करावा लागतो. लोक मराठीसाठी एक सॉफ्टवेअर, कन्नडसाठी दुसरे आणि मोबाईलवर तिसरीच पद्धत वापरतात, आणि मग कोणत्याच पद्धतीत हात बसत नाही.

यावर इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीचा उपाय आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये तयार केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ती मानक म्हणून स्वीकारली. भारतीय लिप्यांची वर्णमाला मूळ एकाच क्रमाची आहे हे ओळखून तिच्यात प्रत्येक ध्वनीची जागा सर्व लिप्यांसाठी एकच ठेवली आहे. इंग्रजी ‘के’च्या बटणावर देवनागरीत क येतो आणि कन्नड निवडल्यास त्याच बटणावर कन्नडचा क येतो. ‘एन’वर ल आणि शिफ्टसह ळ, हेही दोन्हीकडे तसेच. स्वर डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली असल्याने हाताला लय लवकर सापडते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व रूप वेगळे आहे, त्यामुळे ऱ्हस्व ए साठी ‘झेड’चे बटण आणि ऱ्हस्व ओ साठी १ च्या डावीकडचे बटण, एवढेच जास्तीचे लक्षात ठेवायचे.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज या वाटेने मराठी आणि कन्नड जोडून घ्याव्यात. त्यानंतर विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी, मराठी, कन्नड अशी अदलाबदल होते. ज्यांना इंग्रजी उच्चाराने लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी मराठी फोनेटिक हा पर्याय तिथेच मिळतो, पण लहान मुलांनी सुरुवातीपासून इनस्क्रिप्टच शिकावे असे मी आग्रहाने सांगतो आहे. थोडे दिवस अडखळतात, पण नंतर दोन लिप्या एकाच कष्टात पदरी पडतात.

मराठीत दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड या शब्दांतला अर्धा र कसा काढायचा, हा प्रश्न सर्वत्र आला. ‘जे’च्या बटणावर शिफ्टसह ऱ येतो. त्यानंतर ‘डी’वर पाय मोडायचा आणि मग य किंवा ह द्यायचा. साध्या र ला पाय मोडला तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि दर्या असा वेगळाच शब्द तयार होतो.

जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमधला किंवा नुडीच्या जुन्या कन्नड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये मराठी किंवा कन्नड आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की मूळ क्रमांकांची अक्षरे दिसू लागतात. युनिकोडमध्ये देवनागरीला आणि कन्नडला स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून तो मजकूर कुठेही वाचता येतो आणि शब्द शोधल्यावर सापडतो. अशा फाइली नव्याने टंकत बसू नये, त्या फॉन्टसाठीच्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मग जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात, कारण रूपांतरात चुका नेमक्या तिथेच राहतात. वाचनालयाची जुनी इतिवृत्ते या रीतीने युनिकोडमध्ये आणण्याचे काम आजच सुरू केले. मूळ फाइल मात्र रूपांतरानंतरही पुसू नये.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत वायफाय माजघरापलीकडे पोहोचत नाही. फायबर जिथून घरात येते तिथेच, बहुधा दाराजवळ टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर, राऊटर बसवलेला असतो. तो घराच्या मध्याकडे, उंचावर आणि धातूपासून दूर हलवला की बराच फरक पडतो. राऊटरवर वायफायच्या लहरींचे दोन पट्टे (बँड) असल्यास ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त असतो, पण तो भिंतीत लवकर विरतो. २.४ गिगाहर्ट्‌झ हळू असला तरी आतल्या खोलीत पोहोचतो. परसदारच्या खोलीसाठी मात्र नेटवर्कची तार ओढणे हाच खात्रीचा उपाय आहे. ही तार १०० मीटरपर्यंत नीट चालते.

नेट गेल्यावर आधी फायबरच्या डबीवरचे दिवे पाहावेत. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर दोष बाहेरच्या तारेत आहे आणि घरात काहीही बदलण्याचा उपयोग नाही. दिवे ठीक असतील तर राऊटरच्या शेजारी मोबाईल धरून पाहावा. तिथे नेट चालले आणि खोलीत चालले नाही, तर प्रश्न अंतराचा आहे. मोबाईलवर चालले आणि संगणकावर चालले नाही, तर प्रश्न संगणकाचा आहे. फायबरची तार खिळ्याला गुंडाळू नये किंवा दाराच्या फटीत दाबू नये, कारण तीव्र वळणावर तिच्यातला प्रकाश बाहेर निसटतो.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

प्रिंटरच्या दोन गोष्टी. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद ओल धरतो आणि अडकतो, म्हणून रीम पिशवीत बांधून ठेवावी. शाईच्या प्रिंटरवर आठवड्याला एक रंगीत पान छापावे, म्हणजे टोके सुकत नाहीत.

एका मावशींच्या पडद्यावर अचानक भोंगा वाजू लागला, संगणकात व्हायरस शिरल्याचे आणि दिलेल्या क्रमांकावर ताबडतोब फोन करण्याचे शब्द आले. मावशींनी फोन न करता थेट वाचनालयात येऊन सांगितले, हे फार चांगले केले. असा इशारा म्हणजे ब्राउझरमधले एक साधे पान असते. आल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझर बंद करावा, तो बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून करावा. ब्राउझर पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. खरी कंपनी पडद्यावर फोन क्रमांक देऊन भोंगा वाजवत नाही. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर कधीही बसवू नये. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे जाण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. हा क्रमांक प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहिला आहे.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आता प्रतींचे काम. फोटो, जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले आणि विम्याची कागदपत्रे यांच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, अशी रीत ठेवली आहे. आमच्याकडे घरटी कोणीतरी बेळगाव, गोवा किंवा पुण्यात नोकरीला असते. सणाला आलेल्या माणसाबरोबर एक बाहेरची डिस्क पाठवायची आणि पुढच्या सणाला ती अदलून घ्यायची, ही सोय सर्वांना पटली. पेन ड्राइव्ह ही फाइल नेण्याआणण्याची वस्तू आहे, एकमेव प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नये. प्रत घेतल्यावर तिच्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत नाही असेच धरावे.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्कवरची माहिती आपोआप कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद, होते. बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो त्या खात्यात साठवलेला असतो, परंतु खाते मुलाच्या नावाचे आणि मुलगा बाहेरगावी, अशी स्थिती इथे नेहमीची आहे. म्हणून हा क्रमांक आजच कागदावर उतरवून लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवायला सांगितला.

शिल्लक कामे अशी : दोन वाड्यांवरची अर्थिंगची तपासणी वायरमन मामांच्या सवडीने करायची आहे, वाढीव सुरक्षा योजनेत ज्यांची नोंदणी राहिली त्यांची यादी वाचनालयाच्या फळ्यावर लावली आहे, आणि इनस्क्रिप्टचा तक्ता मराठी व कन्नड शेजारी-शेजारी छापून पुढच्या शनिवारी शाळेतल्या मुलांना वाटायचा आहे.